तांब्यातलं पाणी आणि हरवलेली म्हैस

एकही ओळखीचा चेहरा नसलेले छोटे सिनेमे तुला का आवडतात, असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याला ‘वास्तवदर्शी’ वगैरे शब्द ऐकायचा असतो. मी सांगते, त्या सिनेमांत पाणी हलत नाही. यावर समोरचा माणूस विषय बदलतो, म्हणून हे एकदा नीट सांगून टाकते.

अकरावीला मला हदगावहून लातूरला मामाकडे धाडलं. भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं आणि शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. ज्याच्याकडे जास्तीची खोली, त्याने एक तर पोरं ठेवली होती नाहीतर फळा टांगला होता. मामाच्या खोल्या मात्र नुसत्याच रिकाम्या होत्या, कारण मामी त्यांत राहत नव्हती. भूकंपात तिच्या माहेरचं माळवद खाली आलं. माणसं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तेव्हापासून मामीचा छतावरचा विश्वासच उडाला. मागच्या अंगणात पत्रे ठोकून तिने चूल मांडली. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, माणूस मरत नाही, असं तिचं म्हणणं. घरात जावंच लागलं तर बरोबर काठोकाठ भरलेला तांब्या न्यायचा, तो फरशीवर ठेवायचा आणि एक डोळा पाण्यावर ठेवून काम उरकायचं. पाणी हललं की मामी बाहेर.

मामा शाळेत गणित शिकवायचा आणि टॉकीजमध्ये मारामारी बघायचा. पूर्वी दोघांनी मिळून एकही नवा सिनेमा सोडला नव्हता. आता त्याला टॉकीजमध्ये करमत नव्हतं आणि घरात तर मुळीच नाही. “एकदा ही पूर्ण सिनेमाभर छताखाली बसली ना, की भीती मोडंल,” तो मला म्हणाला. “मग घरात येईल.” त्याचा आवाज असा झाला होता की मी आलेलं हसू गिळलं.

त्याने त्या मोसमातला सगळ्यात मोठा सिनेमा निवडला. हिरो, हेलिकॉप्टर, परदेशात गाणी. मामी तांब्यासकट यायला तयार झाली. दाराजवळच्या खुर्च्या मिळाल्या. टॉकीजने नुकतीच नवी साउंड सिस्टीम बसवली होती आणि मामा त्यावर बेहद्द खूश होता. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला हे एवढं गणित सुटलं नाही.

पहिल्याच गाण्याचा ढोल वाजला आणि मामीच्या पायाशी तांब्यातलं पाणी थयथय नाचायला लागलं.

“अहो, हालायलंय,” मामी म्हणाली, आणि पदर खोचून पळाली.

लातुरात तेव्हा पळणाऱ्याला कोणी ‘का’ विचारत नसे. आमची रांग तिच्यामागे, मागची रांग आमच्यामागे, मग बाल्कनी, आणि शेवटी डोक्यावर पाटी धरून शेंगदाणेवाला. सगळी टॉकीज रस्त्यावर उभी आणि आत हिरो रिकाम्या खुर्च्यांपुढे कंबर हलवतोय. मोठ्या सिनेमाला प्रेक्षकांची काही गरज नसते हे मला त्या दिवशी कळलं. दारावरचा माणूस मामाला अदबीने म्हणाला, “सर, तुम्ही एकटेच येत जा.”

त्या संध्याकाळी मामीने देवसुद्धा पत्र्याखाली नेले. मामा जेवला नाही. “आता ती कधीच येत न्हाई,” तो म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं. मला फार वाईट वाटलं.

आमच्या क्लासच्या भौतिकशास्त्राच्या सरांना एक नाद होता. ते कुठून कुठून छोटे सिनेमे डब्यांतून आणायचे आणि रविवारी सकाळी टेस्ट झाली की क्लासच्याच हॉलमध्ये दाखवायचे. मला जायचं होतं. मामा एकटीला सोडणार नाही, तुम्ही सोबत चला, असं मी मामीला सांगितलं. मामाला मी विचारलंच नव्हतं. भाचीला एकटं पाठवायचं म्हटल्यावर मामीला नाही म्हणता येईना. तांब्या भरून ती निघाली. मामा कुरकुरत मागून आला. वर भलताच जाड स्लॅब होता.

सिनेमा सुरू होताच पोरांनी वह्या उघडल्या. लातुरात बाकावर बसलं की वही उघडायचीच. एकाने विचारलं, “सर, म्हैस इम्पॉर्टंट आहे का?”

“फार,” सर म्हणाले.

सिनेमात एक म्हातारा हरवलेली म्हैस शोधत होता. बाकी काही नाही. गाणं नाही, ढोल नाही. वारा, त्याच्या चपलांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मामा लगेच घोरायला लागला. मी मामीकडे बघत होते आणि मामी तांब्याकडे. पाणी गपगार होतं. म्हातारा बांधावर उभा राहून नुसताच बघत राहिला, इतका वेळ, की मामीला मान वर करावीच लागली.

“ओढ्याकडं बघा म्हणावं,” ती मोठ्याने म्हणाली. “एवढ्या उन्हाचं ती पाण्यातच बसली असंल.”

पोरांनी तेही लिहून घेतलं.

म्हातारा ओढ्याकडे गेलाच नाही. मामी त्याच्यावर चिडली, मग त्याची तिला कीव आली, मग ती पुढे सरकून बसली. हॉलमध्ये उकडत होतं. पडद्यावरून नजर न काढता तिने पायाशी हात नेला, तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी पिऊन टाकलं. रिकामा तांब्या बाकाखाली आडवा पडला. तिचं लक्षच नव्हतं.

मी मामाला कोपराने ढोसलं. त्याने डोळे चोळत मामीकडे पाहिलं, आडव्या तांब्याकडे पाहिलं, मग वर स्लॅबकडे. माझं मनगट त्याने असं धरलं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. उरलेला सिनेमा तो जागा राहून बघत होता. निदान पडद्याच्या दिशेला त्याचं तोंड होतं.

म्हैस शेवटपर्यंत सापडली नाही. दिवे लागले, पोरं वह्या मिटून निघाली. मामी जागची हलेना.

“चल ना,” मामा हळूच म्हणाला. “संपला सिनेमा.”

“असा कसा संपल?” मामी म्हणाली. “म्हैस कुठं घावली अजून? बसा गप.”

मामा बसला.