खरी नक्कल

बारामतीच्या दिवाणी कोर्टात मी वकिली करते. अधूनमधून इंदापूरलाही जाते. पण माझी कीर्ती उलटतपासणीची नाही, जुने कागद काढून देण्याची! कुणाचा तरी आजोबा कधीतरी दावा जिंकलेला असतो. निकाल पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो, पेटीत वाळवी शिरते, आणि मग नातू कोर्टाच्या व्हरांड्यातल्या माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहतो. कोर्टातले कागद मुदत संपली की नियमाप्रमाणे नष्ट करतात. किश्श्यांना असला काही नियम नाही. ते साठतच जातात.

मागच्या हिवाळ्यातले सांगते. तेव्हा माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर कन्हेरीच्या सुमनबाई येऊन बसायच्या. पंच्याहत्तरी गाठलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांच्या शेतातला टोमॅटो तोडीला आला होता, आणि शेतातून रस्त्याला लागायच्या वाटेवर शेजाऱ्याच्या नातवाने काटेरी तार ओढली होती. टेंपो आत येत नव्हता. क्रेट डोक्यावर घेऊन बांधाबांधाने न्यावे लागत होते.

"ही वाट माझ्या बापानं कोर्टात भांडून मिळवलीया," त्या म्हणाल्या. "त्यो पोरगा म्हनतो, कागद दाखवा, तार काढतो. कागद जुनं घर पाडलं तवाच गेला."

म्हणजे त्यांना वडिलांच्या दाव्याच्या हुकूमनाम्याची नक्कल हवी होती, आणि तीही टोमॅटो नासायच्या आत. हुकूमनामा म्हणजे निकालाचा तो कागद, ज्यावर कोर्टाने कुणाला काय दिले ते लिहिलेले असते. दावा पार पन्नासच्या दशकातला. इतका जुना दावा कॉम्प्युटरवर नसतो, त्यासाठी रेकॉर्ड रूममध्ये शोध घ्यावा लागतो. आम्ही वडिलांचे नाव गौतम आणि वर्ष अंदाजाने लिहून अर्ज दिला. मग त्या वाट बघत बसल्या, आणि बाकीचे किस्से त्यांच्या देखतच घडले.

*

पहिले लासुर्ण्याचे तात्या. भावकीतल्या दाव्याचा निकाल हवा म्हणून आले. मी म्हटले, "तात्या, नक्कल चार दिवसांत मिळेल."

तात्यांचा चेहरा पडला. "नक्कल नको. असल द्या. थोडं जास्त लागलं तरी चालंल."

"असल कोर्टातच राहते, तात्या. सगळ्यांना नक्कलच देतात."

"म्हंजी कोर्ट सगळ्यांनाच डुप्लिकेट माल देतं व्हय?"

शेवटी मी जुन्या फायलीतली एक नक्कल काढून त्यांना शिक्का दाखवला. तात्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले, "ख-री न-क्क-ल." चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खरी बी आन नक्कल बी? ताई, कोर्टाला म्हनावं, आधी एक कायतरी ठरवा."

*

आमचे कारकून बापूराव. अर्ज भरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, फक्त बोलताना ते कोर्टाची भाषा वापरतात. एक गृहस्थ इंदापूरकडून आले. बहिणीच्या घरच्या जमिनीचा वाद होता, त्यातल्या कागदांची नक्कल त्यांना हवी होती. बापूरावांनी विचारले, "तुम्ही दाव्यात वादी की प्रतिवादी?"

"दोन्ही न्हाय."

"मग तुम्ही त्रयस्थ. त्रयस्थाला प्रतिज्ञापत्र करून कारण द्यावं लागतं."

गृहस्थ ताडकन उठले. "त्रयस्थ? मी सख्खा मेव्हणा हाय त्यांचा. लग्नात कान पिळलाय मी!"

बापूराव मुळीच हलले नाहीत. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि लिहायला घेतले, "मी, त्रयस्थ मेव्हणा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की..."

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

*

दाव्याचा नंबर आणि वर्ष माहीत असले, की अर्धे काम झाले. हे मी सगळ्यांना सांगते. एकदा सांगून पस्तावले.

एक पाहुणे म्हणाले, "नंबर तोंडपाठ हाय." त्यांनी नंबर सांगितला, वर्ष सांगितले, आम्ही अर्ज दिला. उत्तर आले की या नंबरचा दावा आहे, पण माणसे वेगळी आहेत. तो दावा दोन भावांच्या विहिरीचा निघाला. पाहुण्यांनी सांगितलेला नंबर त्यांच्या जमिनीचा गट नंबर होता.

मी समजावून सांगितले, की कोर्टाचा नंबर वेगळा आणि तलाठ्याचा वेगळा. त्यांचे लक्षच नव्हते. जरा वेळाने खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या मॅडम. त्या दोन भावांचं पुढं काय झालं? मिटलं का?"

मिटले होते, आपसात तडजोड झाली होती. पाहुण्यांना इतके बरे वाटले, की स्वतःच्या दाव्याचे न विचारताच ते चहा सांगायला उठले.

*

सांगवीचा एक मुलगा आला. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आजोबांच्या चुलतभावाच्या दाव्याची माहिती हवी होती. "मॅडम, हे सगळं आता ऑनलाइन असतं. दोन मिनिटांचं काम." खरे आहे त्याचे. दावा फार जुना नसेल, तर कोर्टाच्या वेबसाइटवर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकले की सापडतो. त्याने ऐटीत लॅपटॉप उघडला आणि नावाच्या रकान्यात टाइप केले, नाना.

"अरे, खरं नाव टाक."

त्याने वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "नानाच की." आत्याला लावला. आत्या म्हणाली, "नाना म्हंजी नाना. दुसरं काय नाव असतंय?" शेवटी थेट नानांच्या बायकोला लावला. नाना जाऊन बरीच वर्षे झाली होती. म्हातारी फोनवर म्हणाली, "या बया. धन्याचं नाव मी कसं घिऊ?"

पोरगा रडकुंडीला आला. तेवढ्यात बापूरावांनी त्याच्या हातातून फोन घेतला. "आजी, नाव नका घेऊ. उखाणा घ्या."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेले, "सांगवीच्या मळ्यात ऊस आला तोडीला, रामचंद्ररावांचं नाव घेते नातवाच्या गोडीला."

पोराने रामचंद्र टाइप केले, दावा हजर! शेजारच्या टेबलावरच्या वकिलांनीही टाळ्या वाजवल्या. पोरगा मात्र लॅपटॉप मिटत स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे नानांना नाव होतं."

सगळे हसत होते. सुमनबाई नव्हत्या हसत.

*

त्याच दुपारी त्यांचा अर्ज परत आला. गौतम नावाच्या वादीचा दावा त्या वर्षात आढळत नाही. आम्ही मागेपुढे आणखी दोन वर्षे बघायला सांगितली होती, तिथेही काही नव्हते. बापूराव म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डला असा इसमच नाही."

टोमॅटोचा एक तोडा अर्धा वाया गेलेला मला माहीत होता. मग माझ्या डोक्यात आले, की दावा बौद्ध धम्मदीक्षेच्या आधीचा आहे.

मी विचारले, "मावशी, छप्पनच्या आधी वडिलांचं नाव काय होतं?"

मी पाणी दिले, त्यांनी ते नुसते हातात धरले. मग म्हणाल्या, "ते नाव माझ्या बापानं सोडलं. आमच्या घरात कुनी ते काढीत न्हाय. माझ्या लेकीला बी ठावं न्हाय."

मी आग्रह केला नाही. कसा करणार? शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, "पेन द्या. मी तोंडानं सांगनार न्हाय. लिवून दिते."

चिठ्ठीवर लिहिले होते, कचऱ्या.

त्या नावाने पुन्हा अर्ज गेला आणि त्याच आठवड्यात दावा सापडला. बाकीचे कागद केव्हाच नष्ट झाले होते, पण हुकूमनामा ठेवलेला होता. वादी कचऱ्या, आणि आडनावाच्या जागी जात. खाली कोर्टाचा हुकूम होता, की वादीला त्याच्या जमिनीत जायला-यायला बैलगाडीची वाट आहे आणि प्रतिवादीने ती अडवू नये. त्या काळात, त्या माणसाने, गावातल्या मोठ्या शेतकऱ्यावर वाटेसाठी दावा लावला होता. मी ती नक्कल उभ्यानेच दोनदा वाचली. सुमनबाईंनी ती हातात घेतली, शिक्क्यावरून बोट फिरवले आणि घडी न घालता पिशवीत ठेवली.

*

रविवारी त्यांच्याबरोबर मीही कन्हेरीला गेले. शेजाऱ्याचा नातू तारेपाशीच भेटला. पोरगा उद्धट नव्हता. त्याने आम्हाला घरी नेले, अंगणात खुर्च्या टाकल्या, आणि नक्कल शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. मग सुमनबाईंना म्हणाला, "आजी, कागद खरा हाय. पन ह्यात तुमच्या वडलांचं नाव न्हाय. ह्यो कुनीतरी दुसराच हाय."

मला हे अपेक्षित होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र कसे करायचे ते मी मनात जुळवत होते. त्याला महिना-दीड महिना सहज लागला असता, आणि तेवढ्यात टोमॅटो संपला असता. सुमनबाई ताठ बसून होत्या. म्हणाल्या, "माझाच बाप हाय त्यो."

ओट्यावर त्या पोराचे आजोबा बसले होते. नव्वदीचे, डोळ्यांनी अधू. ज्याच्यावर दावा लागला होता, त्याचा हा मुलगा. ते म्हणाले, "काय नाव लिवलंय? वाच परत."

नातवाने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज आपोआप खाली आला.

म्हातारबांनी सुमनबाईंच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "ते त्याचं नाव न्हवं. आमी मारायचो ती हाक हाय. त्याचं नाव गौतमराव. तार काढ."

नातू घुटमळला. "काढतो, आबा. उद्या-परवा बघतो. पक्कड बी कुनीतरी नेलीया."

"टेंपो उद्या पहाटं यायचाय," सुमनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून पक्कड काढून त्याच्यापुढे धरली.