उजव्या बाजूचा खटका

आमच्या एस्पान्योला खोऱ्यात ज्याची गाडी जमिनीपासून वीतभर वर असते तो एक तर पाहुणा असतो, नाहीतर डॉक्टर. बाकी सगळ्यांच्या गाड्या रस्त्याला पोट टेकवून चालतात, आणि चालतात म्हणजे तरी काय, रविवारची प्रार्थना सुटली की एक मैल जायला अर्धा तास लावतात. "घाई असेल त्यानं पायी जावं," असं फर्मिन माएस्तास म्हणायचा. म्हणायचा, कारण तेव्हा त्याला पाय होते.

त्याची बायको एपिफानिया. हे नाव बाप्तिस्म्यानंतर कुणी पुन्हा उच्चारलं असेल असं मला वाटत नाही, सगळ्या खोऱ्याची ती एप्पी. शाळेची पिवळी बस चालवते. ज्या पोरांना दंगा केला म्हणून तिने भर रस्त्यात बस थांबवून झापलं, त्यांचीच पोरं आता तिच्या बसमध्ये दंगा करतात. बस बदलली, पोरं बदलली, तिचा आवाज काही बदलला नाही.

ती स्टेशन वॅगन फर्मिनने कोलोरॅडोच्या हद्दीवरच्या एका मेंढपाळाकडून आणली. चौसष्ट सालची इम्पाला, लांबलचक, मागे तिसरं बाक आणि तेही उलट्या तोंडाचं. एप्पीने मागचं दार उघडलं आणि आतून एक कोंबडी थेट तिच्या अंगावर आली.

"गाडी आणायला गेला होतास की खुराडं?"

"अंडी फुकट मिळाली ना? मग गप्प बस."

त्यानंतर कित्येक वर्षं त्या वॅगनचं काम जेवणाच्या टेबलावर चाललं. फर्मिन धंद्याने गाड्यांच्या गाद्या शिवणारा. रंग कुठला, मखमल कुठली, गाडी खाली-वर करणारे तेलाचे पंप आणि बॅटऱ्या तिसऱ्या बाकाखालच्या खड्ड्यात कशा बसवायच्या म्हणजे बाक काढावं लागणार नाही, सगळं त्याचं तोंडपाठ. त्या पंपांचे खटके दोनच हवेत, एक पुढचा, एक मागचा. गाडी बसेल आणि उठेल. एका अंगावर कलणाऱ्या, उड्या मारणाऱ्या गाड्या त्याला बघवत नसत. "वाकडी उभी राहिलेली गाडी म्हणजे दारुडी गाडी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोलण्यात वॅगन इतक्या वेळा पूर्ण झाली होती की अंगणातली गंजत चाललीये हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

मग साखर वाढली. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग दोन्ही पाय गुडघ्याखाली. तेही त्याने सोसलं. पण भाचीच्या लग्नात चर्चच्या पायरीपाशी त्याच्या दोन मुलांनी, मार्विन आणि एलॉयने, त्याला बगलेत धरून गाडीतून उचललं, कोट वर सरकला, शर्ट सुटला, आणि अंगणात उभी असलेली माणसं एकदम दुसरीकडे बघू लागली. चांगली माणसं हो, त्याच्याबरोबर वाढलेली. त्याची लाज राखायला म्हणून त्यांनी माना वळवल्या. फर्मिनला तेच लागलं.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बटाट्याचं पोतं बरं. त्याला निदान कोट घालत नाहीत."

तेव्हापासून दोन वर्षं तो घराबाहेर पडला नव्हता. डॉक्टर घरी यायचा, पाद्री घरी यायचा. जुने दोस्त आले की तो झोपेचं सोंग घ्यायचा आणि एप्पी दारात उभी राहून खोटं बोलायची. खोटं बोलून बोलून ती कंटाळली. एकदा फर्मिन म्हणाला, "ती वॅगन विकून टाक." तशी ती उसळली.

"विकायची बिकायची नाही. मी दुरुस्त करणार. आणि ईस्टरला तू तिच्यात बसून येणार."

ईस्टरच्या रविवारी आमचं सगळं खोरं गाड्या घेऊन रस्त्यावर उतरतं. त्या दिवशी जो दिसला नाही तो मेला, असंच लोक धरून चालतात. एप्पीला दुसरं काही नको होतं. नवरा जिवंत असताना लोकांनी त्याला मेलेल्यांत धरू नये, बस्स.

"मला उचलणार कोण?" फर्मिनने विचारलं.

ती गंज खरवडायला निघून गेली.

थंडीभर काम चाललं. बसची फेरी संपली की एप्पी गॅरेजमध्ये. कुजलेला पत्रा कापून नवा लावला, वेल्डिंग मार्विनने केलं, शिव्या एप्पीने घातल्या. गाद्यांचे सांगाडे तिने सरळ स्वयंपाकघरात नेऊन फर्मिनपुढे टाकले. "तुला नको असतील तर दुसऱ्या कुणाकडून शिवून घेते." दुसरं कुणी! त्याने रागारागाने सुई उचलली. लाल मखमल, कडेला पांढरी दोरी. शिवता शिवता तो तिथूनच ओरडून सूचना करू लागला. पुढच्या स्प्रिंगा एवढ्या कापू नकोस, पंप मागे सरकव, नळ्या उजवीकडून ने. एप्पीला बरं वाटायचं, पण तोंडावर ती तसं दाखवत नसे.

आता तिची चूक सांगतो. बसवाल्या बाईनेच करावी अशी ती चूक होती. शाळेच्या आगारात एक जुनी बस मोडीत निघाली होती, चाकांच्या खुर्चीतल्या मुलांना वर घेणारी लोखंडी फळी असलेली. एप्पीने ती फळी मागून आणली. वॅगनच्या उजव्या अंगाला ती बसवायची तर दोन दारांमधला खांब कापावा लागणार होता. तिने खडूने खांबावर रेघा मारल्या आणि पोळ्या भाजायला घरात गेली.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला एक उतरण होती. फर्मिन कधी आपली चाकांची खुर्ची त्या बाजूला नेत नसे. त्या दिवशी बाकाचं माप बघायला म्हणून गेला. एप्पीला आधी चाकांचा आवाज आला, मग काहीच नाही. ती धावत गेली. तो त्या रेघांकडे बघत बसला होता, आणि शेजारी भिंतीला ती पिवळी फळी टेकवलेली होती.

"हे काय आहे?"

"तुला चढायला."

"म्हणजे माझ्या वॅगनची तू अँब्युलन्स करणार. लाल मखमलीची अँब्युलन्स! आणि ईस्टरला रस्त्याच्या मधोमध थांबून ते धूड कर्रकर्र करत खाली येणार, मी वर चढणार, आणि लोक टाळ्या वाजवणार. पूस ते."

"फर्मिन, ऐकून तर घे..."

"पूस म्हणतो ना! इम्पालाचा खांब कापतात का कधी? तुझा बाप कबरीत कूस बदलेल."

तिने ॲप्रनने रेघा पुसल्या. त्या रात्रीपासून दोघांत अबोला. टेबलावर लाल मिरचीचा रस्सा, दोन ताटल्या आणि नुसता चमच्यांचा आवाज. सुईसुद्धा थांबली. एप्पीला सगळ्यात जास्त कशाने झोंबलं असेल तर ते याने, की तो म्हणत होता ते खरं होतं. तीसुद्धा त्या फळीवर चढून लोकांपुढे गेली नसती.

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस लागले. एका सकाळी ती पानोचाची, म्हणजे मोड आलेल्या गव्हाच्या पिठाची, खीर घेऊन त्याच्या खोलीत गेली तर तो पलंगावरून खुर्चीत येत होता. गुळगुळीत लाकडी फळी मधे टाकायची, हातांवर भार द्यायचा आणि घसरायचं. पलंग खुर्चीपेक्षा चार बोटं उंच, म्हणून सर्रकन आला. कुणाचा हात लागला नाही. रात्री उलटं जाताना मात्र एलॉयला यावं लागायचं, कारण तेव्हा चढ. रोज बघितलेली गोष्ट! पण त्या दिवशी खिरीचा वाडगा हातात धरून एप्पी दारातच थबकली.

"काय बघतेस? पडलो नाही अजून."

"घसरत ये, घसरत जा," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. खीर खा, गार होईल."

आपल्या गाड्या करतात काय? बसतात आणि उठतात. आत जाताना गाडी खाली बसवली की खुर्चीतून सीटवर उतार. बाहेर येताना गाडी वर उठवली की सीटवरून खुर्चीत पुन्हा उतार. खांब कापायला नको, बसची फळी नको. गाडी रस्त्यावर बसली तर या खोऱ्यात कुणी वळूनही बघत नाही. फक्त दोन खटक्यांनी ते नेमकं जमणार नव्हतं. खुर्ची उजवीकडे लागणार, तर उजवी बाजू वेगळी हलायला हवी. म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळी नळी आणि उजव्या अंगाला स्वतंत्र खटका.

तिने त्याला विचारलं नाही, सांगितलं. "खटका वाढवणार आहे. उजवीकडचा."

"दारुडी गाडी करणार."

"करणार."

माणूस धंद्यातला, कशासाठी ते त्याला समजलं नसेल असं होणंच नाही. पण हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तेल गळलं तर माझ्या मखमलीवर गळू देऊ नकोस."

आठवड्याने गाद्या तयार झाल्या. त्या बसवताना एप्पीचा हात पुढच्या उजव्या सीटच्या कडेवर थांबला. सगळीकडे मखमल होती, आणि तिथे, दाराकडच्या कडेला, वीतभर रुंद गुळगुळीत लाल चामडं शिवलेलं होतं. खाली भुसभुशीत स्पंज नव्हता, टणक काहीतरी होतं. मखमलीवर पँट अडकते, चामड्यावर घसरते. तिने त्यावरून दोनदा हात फिरवला. आत जाऊन ती एवढंच म्हणाली, "शिवण चांगली झालीये." तो म्हणाला, "माझी शिवण वाईट कधी होती?"

ईस्टरच्या सकाळी दोघी सुना आणि मुलं चर्चमध्ये गेल्यावर त्याने कोट घातला. अंगणात वॅगन उभी. एप्पीने खटका दाबला, उजवी बाजू हुस्स करून खाली बसली. फर्मिनने फळी टाकली. एकदा अडकला, शिवी हासडली, पुन्हा रेटा दिला आणि सीटवर. तिने हात पुढे केला होता तो तसाच मागे घेतला. त्याने मांडीवर घोंगडी ओढली, पार पायाच्या जागेपर्यंत, नीट चापून.

रस्त्यावर सगळे होतेच. वॅगन बाजारापुढच्या मैदानात रांगेत लागली तशी माणसं गोळा झाली. खिडकीतून शेकहँड झाले, रंगाची वाहवा झाली, फर्मिन हसत होता, पण घोंगडीवरचा हात काही काढत नव्हता. तेवढ्यात कॅसिमिरो आला, गाड्यांच्या जुन्या क्लबातला, फाटक्या तोंडाचा. त्याने मान आत घालून खटक्यांची पेटी बघितली.

"अरे, हा उजवीकडचा काय? वाकडी गाडी म्हणजे दारुडी गाडी म्हणायचास ना? म्हातारपणी चळ लागला की काय?"

लोक हसले. मीच चुकून लावला, असं सांगायला एप्पीने तोंड उघडलं. दोन वर्षांची सवय.

"पाय नाहीत मला, कॅसिमिरो," फर्मिन म्हणाला. मोठ्याने म्हणाला, मागच्यांनाही ऐकू जावं असं. त्याने घोंगडी काढून मागे टाकली. "दोन्ही नाहीत. मला उचललेलं सोसत नाही, म्हणून हिने गाडीला बसायला लावलं. डोकं हिचं आहे, मी नुसत्या गाद्या शिवल्या. बघायचंय? मागून माझी खुर्ची काढ."

कॅसिमिरोने खुर्ची काढली. फर्मिनने स्वतः खटका दाबला, उजवी बाजू उठली, आणि तो चामड्यावरून घसरून खुर्चीत आला. या वेळी कुणी मान वळवली नाही. वळवतील कशाला, सगळे वाकून बघत होते नळी कुठून नेलीये ते.

"चल, तुझं खटारं दाखव," फर्मिन कॅसिमिरोला म्हणाला, आणि हातांनी चाकं फिरवत रांगेतल्या गाड्या बघत निघाला. जाताना त्याने एप्पीला विचारलं नाही, मागे वळूनही बघितलं नाही. एप्पी उघड्या दाराकडे बघत एकटीच गाडीत बसून राहिली आणि पोटभर रडली. मग नाक पुसलं आणि त्याची वाट बघायला लागली. तो काही लवकर येणार नव्हता.