पेडलवरचा पाय

गाडीचा ब्रेकलाइट एकट्या माणसाला बघता येत नाही. हेडलाइट लावून पुढे जाऊन उभं राहा, दिसतो. इंडिकेटर लावून गाडीभोवती एक फेरी मारा, तोही दिसतो. ब्रेकचं तसं नाही. पेडलवरून पाय उचलला की मागचा दिवा विझला, आणि पाय तिथंच ठेवून मान मागच्या नंबरप्लेटपर्यंत पोचेल असा प्राणी अजून जन्माला यायचाय. म्हणून या धंद्यात माणसं दोन लागतात. एक दाबणारं आणि एक बघणारं.

ठिणगीकाकांकडे दाबायला एकतीस वर्षं काकू होत्या.

ठिणगी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. उमेदीत असताना एकदा हातातला पाना निसटून बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला आणि त्यात डावी भुवई गेली, ती पुन्हा उगवलीच नाही. तेव्हापासून हे नाव चिकटलं. बाकी माणूस थंड. काही विचारलं तर हातातला स्क्रू पुरता बसेपर्यंत उत्तर यायचं नाही. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "यांची ठिणगी पडेपर्यंत माणसाचा चहा निवतो."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर, दोन फळ्या, फ्यूजचे डबे, आणि जळके बल्ब टाकायची एक काचेची बरणी. पुढे एक गाडी मावेल एवढं अंगण, आणि समोर कोरी भिंत. भिंतीवर खडूच्या दोन रेघा. गाडी मापाच्या अंतरावर लावून हेडलाइटचा झोत त्या रेघांच्या खाली पडतो का ते बघायचं. वर गेला तर काका काचेमागचा स्क्रू फिरवून त्याला खाली आणत. "समोरच्याच्या डोळ्यात जातो तो उजेड नव्हे, ती मस्ती," असं म्हणत. कुणी म्हटलं की फ्यूज सारखा जातो, जरा जाड टाका, तर विचारत, "पहारेकरी सारखा ओरडतो म्हणून त्याला झोपेची गोळी द्यायची का? आधी चोर बघू की कुठनं येतोय ते." आणि मग तासभर गाडीच्या पोटात शिरून कुठंतरी पत्र्याला घासून सोलवटलेली वायर शोधून काढत.

काकू पहिल्यांदा गाडीत बसल्या त्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात, आणि त्याही भांडून.

"परक्या माणसाच्या गाडीत मी का बसू?"

"बसायचं नाहीये. दाबायचं आहे."

"बसल्याशिवाय दाबू कशी?"

 काका "हं" म्हणाले आणि काकू बसल्या.

पुढे त्यांना त्यात गोडी लागली. गाडी चालवता कधीच आली नाही, पण आजूबाजूची एकही गाडी अशी नव्हती जिच्या सीटवर त्या बसल्या नाहीत. मांडीवर भाजीची टोपली घेऊन बसायच्या. एक पाय पेडलवर, हात शेंगा सोलण्यात. मागून काकांचा आवाज यायचा, "डावा. उजवा. मोठा. बारीक. दाब. लागला. सोड." दिवसभरात नवराबायकोचं जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच, पण ते दहा गाड्या आल्या तर दहा वेळा व्हायचं.

काकू नुसत्या हुकुमाच्या ताबेदार नव्हत्या. इंडिकेटरची टिकटिक जलद झाली की आतूनच सांगायच्या, "उजवा घाई करतोय. मागचा बल्ब गेला बघा." पेडल सैल आहे, मध्येच अडतंय, फार खोल जातंय, हे पायाला कळायचं आणि तोंडातून यायचं. सीटचा पट्टा ओढून बघायच्या, झटका देऊन अडकतो का ते. काका ऐकून घेत आणि कामाला लागत. शाबासकी वगैरे द्यायची त्यांची रीत नव्हती.

मग लेकीला जुळं झालं. लेक दूर, एका दिवसाच्या प्रवासावर. जावयाची फिरतीची नोकरी, लेकीचीही नोकरी. काकू दोन महिन्यांसाठी म्हणून पिशवी भरून गेल्या, त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं होतं.

सुरुवातीला काकांनी गिऱ्हाइकांनाच दाबायला बसवलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. 'डावा' म्हटलं की वायपर चालू करायचं, 'सोड' म्हटलं की दार उघडून बाहेर यायचं. शेवटी काकांनी जुन्या झाडूचा दांडा मापात कापला, एका टोकाला चपलेच्या टाचेचं रबर ठोकलं, दुसऱ्याला चिंध्या गुंडाळल्या. रबर पेडलवर, चिंध्या सीटच्या कडेला, आणि सीट पुढे सरकवली की पेडल गच्च खाली. मग मागे जाऊन आरामात दिवे बघा.

टायरवाला दारातून बघत होता. "काकूंची बदली आली वाटतं. फारच वाळल्या हो."

"बोलत नाही, हा एक गुण आहे," काका म्हणाले.

पण रोज संध्याकाळी सातला ते फोन समोर ठेवून बसत, हे टायरवाल्याला दिसत होतं. फोन आला की तेच बोलणं.

"जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

"जेवण."

"आज धाकट्याला दात आलाय. थोरल्याला ताप."

"हं."

 काकांच्या जिभेवर एकच शब्द असायचा, 'ये'. तो काही बाहेर पडायचा नाही. बोलावलं आणि ती आली, तर लेकीनं नोकरी सोडायची का? हा एक विचार. आणि दुसरा, जरा आडमुठा: आपणहून गेली, आपणहून येईल. तिकडे काकूंना वाटायचं, अडत असतं तर बोलावलं असतं. दोघंही एकाच दाराच्या दोन बाजूंना उभी, आणि कडी कोणीच वाजवीना.

दुकानामागे काकांची स्वतःची एक जुनी गाडी होती. दर रविवारी ते तिची बॅटरी साफ करत, टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन ग्रीस लावत. डिकीत जास्तीचे बल्ब, फ्यूज, जॅक, गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा तो लाल त्रिकोण. बाजूच्या सीटचा पट्टा ओढून बघत, पुसत, पुन्हा जागेवर सोडत. लांबच्या प्रवासाची तयारी पुरी व्हायची. जाणं तेवढं राहून जायचं.

अशात एका सकाळी नर्सबाई आल्या. त्या जवळच्याच दवाखान्यात होत्या, पंधरा दिवसांपूर्वी ब्रेकलाइटचं काम करून घेऊन गेल्या होत्या. आता मानेला पट्टा, आणि गाडीचा मागचा भाग लाथ मारलेल्या डब्यासारखा.

"काका, दिवे बघून दिले होते ना?"

"दिले होते."

"मागून बेकरीची गाडी येऊन धडकली. तो म्हणतो, बाई, तुमचा दिवा लागलाच नाही."

"धडकल्यावर सगळे असंच म्हणतात."

"मलाही तसंच वाटलं. पण तो रडकुंडीला आला होता. अशी माणसं मी रोज बघते. खोटं बोलत नव्हता तो."

काकांनी काठी आणली, पेडलवर ठोकली, मागे गेले. काच फुटलेली होती, तरी दोन्ही दिवे लख्ख.

"बघा."

नर्सबाईंनी बघितलं. मग काठी काढून बाजूला ठेवली आणि ताठ मानेनं स्वतः सीटवर बसल्या.

"दाबा," काका मागून म्हणाले.

"दाबलंय."

दिवा नाही.

"जोरात दाबा."

दिवा लागला.

"एवढं जोरात मी कधी दाबते का? वळणावर गाडी हळू करायची तर मी एवढंच दाबते," असं म्हणून त्यांनी पाय नुसता टेकवल्यासारखा केला. गाडी हळू व्हायला तेवढं पुरतं. मागचे दिवे काळे ते काळेच.

काका पेडलखाली आडवे झाले. पेडलच्या मुळाशी बोटाएवढा एक स्विच असतो. पेडल जरा हललं की त्याचं टोक मोकळं होतं आणि मागे दिवा लागतो. तो स्विच त्यांनीच बसवला होता, दोन आटे जास्त पुढे. त्यामुळे पेडल निम्म्याहून खाली गेल्याशिवाय दिव्याला पत्ताच लागत नव्हता. आणि काठी तर पहिल्या फटक्यात तळ गाठायची. काठीच्या मते दिवा ठणठणीत होता.

"माझी चूक," काका म्हणाले. पाना अजून हातात होता, स्विच अर्धा फिरवलेला होता. काम संपायच्या आत त्यांनी उत्तर दिल्याचं शेजारच्या दारात उभ्या टायरवाल्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

नर्सबाईंनी मानेचा पट्टा सारखा केला. मग म्हणाल्या, "सीटचा पट्टा होता म्हणून मान लचकण्यावर भागलं. आधीचा झटक्याला अडकत नव्हता, तो मागच्या वर्षी तुम्हीच बदलून दिलात. म्हणून काही बोलत नाही." गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "काकू कधी येणार आहेत?"

काका "हं" म्हणाले.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला.

"जेवलात?"

"नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "काय झालं?"

काकांनी सांगितलं. नर्सबाई, बेकरीची गाडी, दोन आटे. एवढं लांबलचक ते फोनवर कधी बोलले नव्हते.

"काठीनं बघितलंत ना?"

"काठीचं तुला कोणी सांगितलं?"

"टायरवाल्याच्या बायकोनं. दीड वर्ष झालं त्याला. म्हटलं चला, यांची सोय झाली. आता कशाला आठवण काढतील."

 काका म्हणाले, "काठीला दोनच गोष्टी कळतात. तळाला जाणं, नाहीतर पडून राहणं. मधलं कळत नाही."

"मधलं पायाला कळतं."

"काठी आल्यापासून अजून सहा गाड्यांच्या पेडलला हात लावलाय मी. सगळ्या परत बोलावतो. पण दाबायला कोणाला बसवू?"

"स्वतः बसा. गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि आरशात बघा. भिंत लाल झाली की लागला. पाय किती गेल्यावर झाली ते तुमचं तुम्हाला कळेल."

"हे तुला कसं सुचलं?"

"सुचायचंय काय त्यात. एकतीस वर्षं आरशातच बघत होते की. तुमचं तोंड लाल झालं की समजायचं, लागला."

"म्हणजे मी सांगायच्या आधी तुला कळायचं?"

"कळायचं."

"मग मला ओरडू कशाला दिलंस, लागला लागला म्हणून?"

"तेवढंच तर बोलायचात."

पलीकडे जुळ्यातलं एक रडायला लागलं. काकू "आले, आले" म्हणाल्या, त्याला. काकांना वाटलं आता फोन ठेवणार.

"ये," ते म्हणाले.

"काय?"

"ये म्हटलं."

"आता? अहो, पोरं बालवाडीत जायला अजून दहा महिने आहेत. हिची नोकरी..."

"माहीत आहे."

"मग?"

"म्हणायचं राहिलं होतं. म्हटलं."

पलीकडे रडणारं पोर कोणीतरी उचललं असावं, आवाज दूर गेला. काकू अजून फोनवरच होत्या. "जेवून घ्या," एवढंच म्हणाल्या, पण त्यानंतरही बराच वेळ फोन कुणी ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात सहाही गाड्या येऊन गेल्या. दोन गाड्यांमध्ये तीच खोट निघाली. काकांनी ते दोन स्विच नीट बसवून दिले आणि सहाही जणांना तोंडावर सांगितलं की काठीनं बघितलं, ती चूक माझी होती. एक जण चिडला, बाकीच्यांनी मान हलवली. सातवी गाडी स्वतःची. ती त्यांनी भिंतीकडे पाठ करून लावली, आत बसले, आरसा नीट केला आणि चप्पल काढून पाय पेडलवर नुसता टेकवला.

भिंत लाल झाली. खडूच्या रेघा लाल झाल्या. एकतीस वर्षं जिथं ते उभे राहिले, तिथं आरशात कोणी नव्हतं.

त्यांनी पाय जरा जास्तच वेळ तसाच ठेवला. "सोड," मग आपणच म्हणाले आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्ध्यावर आलेलं बघून टायरवाला बाहेर आला. गंजलेलं शटर आपसूक खाली यायचं, त्याला काकांनी त्या झाडूच्या काठीचा टेकू लावला होता. आतून पिशवी घेऊन ते वाकून बाहेर आले, काठी काढून आत भिरकावली आणि शटर पाडलं.

"कुठं दौरा?"

"बघून येतो."

"आणायला चाललात की काय?"

"ती येत नाही. पोरं लहान आहेत." कुलूप लागेपर्यंत काका थांबले. "चार दिवस तिथं राहीन."

"आणि मग?"

"मग परत. दुकान आहे ना."

बाजूच्या सीटवर पिशवी ठेवून त्यांनी तिच्यावरून पट्टा लावला. गाडी गल्लीच्या टोकाला गेली. टायरवाला रिकामाच होता, म्हणून बघत राहिला. वळण अजून चांगलं दहा-बारा पावलं लांब होतं, तेव्हाच मागचे दोन्ही दिवे लागले.