सहा म्हातारे आणि माझा पाला

आमच्या निरवांगीतल्या सहा म्हाताऱ्यांनी पंधरा दिवस मूल होण्याचं औषध घेतलं, आणि ते त्यांना मी माझ्या हातानं दिलं.

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या तपासण्या केल्या. रेखाचा रिपोर्ट चांगला, दोष माझ्यात! तो कागद मी मोटरसायकलच्या डिक्कीत, सर्व्हिसिंगच्या पुस्तकाखाली लपवला. आईनं रेखाला सोळा सोमवार धरायला लावले होते. रेखाला खरं ठाऊक होतं; ती माझ्याकडे बघत मुकाट्यानं साबुदाणा गिळायची आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. (बारामतीच्या एमआयडीसीत मी दोन टनांचं मशीन चालवतो. आईपुढं तोंड चालत नाही.)

शेवटी एका मित्राच्या सांगण्यावरून पळसदेवच्या एका आबांकडे गेलो. झाडपाल्याचं औषध देतात, पैसे घेत नाहीत, फक्त नारळ ठेवायचा. त्यांनी पिशवीभर पाला दिला आणि सावलीत वाळवून रोज उपाशीपोटी चमचाभर घ्यायला सांगितलं. वर एक अट घातली.

"मागंल त्याला मूठभर द्यायचा. न्हाय म्हणलास की गुण गेला."

असला पाला माझ्याकडे कोण मागणार, म्हणून मी खुशाल मान डोलावली.

घरी तो पाटीत वाळत घातला. आईनं विचारलं, कशाचा? माझ्या तोंडून निघून गेलं, शुगरचा. (मला शुगर नव्हती. पण आमच्या भागात उसाच्या खालोखाल तीच पिकते.)

संध्याकाळपर्यंत आईनं गल्लीभर सांगून टाकलं. पहिले आले शेजारचे तात्या, वय वर्षं बहात्तर. नाही म्हणावं तर गुण जातो, खरं सांगावं तर अब्रू जाते! दिला मूठभर. मग तात्यांनी आपले पाच दोस्त पाठवले. माझ्या वाटणीला पाटीच्या तळाचा चुरा उरला.

पंधराव्या दिवशी मी ड्युटीवर असताना फोन आला. तात्या उसात चक्कर येऊन पडले होते, त्यांना बारामतीला आणत होते. मी गेटपास न घेताच निघालो. तात्यांना काही झालं तर मी कुठल्या तोंडानं गावात जाणार, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात कळलं, पाल्याच्या भरवशावर तात्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि शुगर आभाळाला भिडली होती. डॉक्टरांच्या हातात माझ्याच पाल्याची पुडी होती. कॉटभोवती तात्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, त्यांचे दोन मुलगे, माझी आई आणि रेखा.

"हा पाला कशावरचा आहे? खरं सांगा, त्यावर पुढचे उपचार ठरतील."

रेखानं माझ्याकडे पाहिलं. साबुदाणा गिळताना बघायची तसंच.

"मूल व्हायचा," मी म्हणालो. "माझ्यासाठी आणला हुता. दोष माझ्यात हाय. रेखात काय बी न्हाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "ह्यास्नी पाच नातवंडं हायती," त्या डॉक्टरांना शांतपणे म्हणाल्या.

तात्यांनी डोळे उघडले. "डाक्टर, माज्या जुन्या गोळ्या चालू करा."

तिसऱ्या दिवशी तात्या घरी आले आणि माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी सहाही म्हाताऱ्यांना झापलं, आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त. उरलेला चुरा मी उकिरड्यावर टाकला.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिनं रेखाचा हात हातात घेतला आणि रडली. डोळे पुसून तिनं विचारलं, किती सोमवार राहिले? अकरा, रेखा म्हणाली.

आई माझ्याकडे वळली. "ते आता तू धर."

आज माझा सातवा. डिक्कीत आता रिपोर्ट नसतो, साबुदाण्याचा डबा असतो. कारखान्यात कुणाला दिसू नये म्हणून त्यावर सर्व्हिसिंगचं पुस्तक ठेवतो.