दाढ निघाली, तोंड उघडलं नाही

त्या उन्हाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ सुजली. मी बसवर कंडक्टर. तेव्हा ब्रह्मपुरी-गडचिरोली फेरीवर होतो. एका हातानं गालाला पाण्याची बाटली लावायची आणि दुसऱ्या हातानं तिकिटं द्यायची, असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी बायकोनं ड्यूटीवर जाऊ दिलं नाही. शर्टाची बाही धरून ती मला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या भागातली नव्हती. तिनं मला खुर्चीत मागे रेलवलं, दिवा तोंडावर ओढला आणि मोठं तोंड उघडायला सांगितलं. मी उघडलं. ती वाट बघत राहिली.

"उघडा ना काका."

"उघडलं ना मॅडम," मी म्हणालो.

तिनं दिवा बाजूला केला. मला माझीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमधून आत घालायला लावली. दोनसुद्धा गेली नाहीत. मग तिनं विचारलं, किती वर्षं खर्रा खाता? मी पंचवीस सांगितली. खरं म्हणजे तीस झाली होती.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला. आमच्याकडे तो लग्नात चालतो, मयतीतही चालतो. अनोळखी माणसाशी बोलायचं तर पहिल्यांदा पन्नी पुढे होते. मी शाळेत असतानाच लागलो. बायको लग्नानंतर लागली, भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायांच्या संगतीनं. चिखलात वाकून कंबर मोडते, तेव्हा तोंडात काहीतरी लागतं, असं ती म्हणायची.

डॉक्टरनं सांगितलं की गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ झाली आहे आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. दाढ काढावीच लागेल, पण तिथपर्यंत हत्यार पोचायला आधी तोंड थोडं तरी उघडायला हवं. सूज उतरण्याच्या गोळ्या दिल्या आणि लाकडी चपट्या काड्यांचा एक गठ्ठा दिला, आइस्क्रीमला असतात तशा. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि मधून आणखी एक सरकवायची. खर्रा मात्र आजपासून बंद.

घरी आल्यावर बायकोनं दोघांच्याही पन्न्या चुलीत टाकल्या. त्या दिवसापासून तिनं खर्रा तोंडात घातला नाही. आठ दिवस तिची पोळी तव्यावर नीट पडत नव्हती. मी घरी खात नव्हतो. बस आरमोरीला थांबली की खाली उतरून खायचो आणि परतताना चूळ भरायचो.

रोज सकाळी ती माझ्यासमोर पाटावर बसायची आणि काड्या सरकवायची. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. तीही रडायची, पण हात थांबवायची नाही. दोन महिन्यांत तीन काड्या वाढल्या. तिनं ही गोष्ट शेजारणीला सांगितली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. पोराचा पास झाल्याचा निकाल सांगावा तसा तिचा आवाज होता.

दाढ काढायच्या दिवशी तिनं मला पेज पाजली. सुई टोचल्यावर अर्धा जबडा मेला. डॉक्टरनं पकड घातली, हलवली, आणि आत काहीतरी कडकन मोडलं. मूळ तुटलं होतं. ते तुकड्या-तुकड्यानं काढायला तास गेला. जागा कमी असल्यामुळे ओठाचा कोपरा फाटला. बाहेर आलो तेव्हा बायकोनं पदरानं माझी हनुवटी पुसली.

कापूस तासभर दाबून धरायचा, थुंकायचं नाही, गरम खायचं नाही, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्यानं हळू चूळ भरायची. सगळं तिनं पाठ केलं होतं. गुरगुट्या भात थंड करून भरवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा पाय मोकळे करतो म्हणून मी निघालो आणि पानठेल्यावर गेलो. डाव्या गालात धरला तर उजवीकडे काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी असं दुखू लागलं की दाढदुखी त्यापुढे काहीच नव्हती. कान, डोळा, अर्धं डोकं, सगळं ठणकत होतं. पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाली, रक्ताची गुठळी निघून गेली आहे, हाड उघडं पडलं आहे. खर्रा खाल्ला का, तिनं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. बायको बाजूलाच उभी होती. डॉक्टरनं खड्डा धुतला, चिमटा आत घातला आणि सुपारीचा एक बारीक तुकडा काढून ट्रेमध्ये ठेवला.

घरी पोचल्यावर, चपला काढता काढता बायको म्हणाली, "मी सोडला ना खर्रा. मले काय सोपं गेलं का? तुमी काऊन नाई सोडून राह्यले?"

मी गाल धरून बाजेवर आडवा झालो.

खड्डा भरायला दीड महिना लागला. तोवर दुखण्यापायी काड्या बंद होत्या, आणि तोंड आधीपेक्षाही मिटलं. गालात एक पांढरा डाग दिसला, त्याचा तुकडा तपासायला नागपूरला गेला. कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो, दर तीन महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं. मी एकदा गेलो. नंतर गेलो नाही. त्या डागाला आता दोन वर्षं झाली असतील.

खर्रा आता मी घरीच खातो. मिरची सोसत नाही म्हणून माझं वरण बायको वेगळं काढते, भात कालवून देते आणि आपलं ताट घेऊन ओसरीवर जाऊन जेवते. बसमध्ये मी गावाचं नाव पुकारलं की लोक दोन-दोनदा विचारायचे, "काय म्हनलं भाऊ?" मागच्या महिन्यापासून साहेबांनी मला डेपोतल्या टेबलावर बसवलं आहे. तिथं फारसं बोलावं लागत नाही.