बाबांच्या गालाखालची सावली

माझे बाबा धड एका जागी बसले ते मरायला टेकल्यावरच.

आज वर्ष झालं. सकाळपासून मेसेज येतायत, "काका किती हसतमुख होते." होतेच. पण मला आज दुसरंच सांगायचंय.

बाबा एसटीत कंडक्टर. राळेगाव. सगळा जन्म उभ्यानं गेला. घरी आले तरी चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, माझ्यावर ओरडणंसुद्धा उभ्यानं.

आणि मी यवतमाळला इंटिरिअर डिझाइनच्या डिप्लोमाला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. पहिल्याच सेमिस्टरला स्केचिंगच्या मॅडमनी फर्मान काढलं : घरच्या एका माणसाला समोर बसवा आणि रोज काढा.

आमच्या घरात माणसं दोनच. आई म्हणाली, "मले टाइम नाही. तुह्या बापाले बसव."

"बाबा, हलू नका ना."

"हललो कुठी? आता श्वास बी नोको घेऊ काय?"

एवढं बोलून माणूस अंगणात पसार.

त्यामुळे माझ्या पहिल्या सगळ्या स्केचेसमध्ये बाबांना एकच कान आहे. दुसऱ्या कानापर्यंत मी पोचायच्या आत ते उठलेले असायचे.

मग वर्गात शेडिंग सुरू झालं. टेबलावर चेंडू, डबा, माठ. उजेड एकाच खिडकीतून. आधी उजेड कुठून येतो ते बघा, मग पेन्सिल उचला.

शेड एकसारखी पसरवायला मॅडम म्हणाल्या, कापूस आणा. त्यांच्या डोक्यात मेडिकलमधला कापूस होता. पण आम्ही राळेगाव-बाभुळगावकडची पोरं. कापूस दुकानातून विकत आणायचा हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी मामाच्या वावरातला नेला, सरकीसकट.

घासला आणि माठावर ओरखडेच ओरखडे.

मॅडमनी ती सरकी चिमटीत धरून विचारलं, "हे काय आहे?" अख्खा वर्ग खिदळला. बाबांना घरी सांगितलं तर हसता हसता खालीच बसले. मी पेन्सिल आणायला पळाले, तोवर उठलेसुद्धा.

माझा खरा प्रॉब्लेम वेगळा होता. मला डार्क जमत नव्हतं.

मॅडमचा प्रत्येक शीटवर तोच शेरा : डार्क अजून डार्क कर. पण सिक्स-बी, म्हणजे गडद काळी पेन्सिल दाबली की चित्र बिघडेल अशी भीती वाटायची. माझा चेंडू धुऊन वाळत घातल्यासारखा दिसायचा.

"सावली दिली नाहीस तर तो चेंडू होत नाही गं, नुसतं वर्तुळ राहतं," मॅडम म्हणायच्या. मी मान हलवायची आणि पुन्हा तसंच करायची.

दुसऱ्या वर्षी बाबांना पोटाचा कॅन्सर निघाला.

नागपूरला केमो झाली. मग डॉक्टरांनी मला आणि मामाला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी न्या. आम्ही आई-बाबांना सांगितलं, औषध चालू आहे, वेळ लागेल. आपल्याकडे असंच सांगतात. दुसरं काय सांगणार होतो?

घरी खिडकीजवळ खाट टाकली. एका दुपारी बाबाच म्हणाले, "काढ आता. आता नाही हलत मी."

मी बोर्ड घेऊन बसले. दोन्ही कान आले. नाक आलं. पहिल्यांदा चेहरा खरंच त्यांचा वाटत होता.

बाबांनी हात पुढे केला. बघितलं. "हा कोण होय?"

"तुम्हीच ना."

"हा त माह्या लग्नातला फोटो होय. गाल कायले भरले?"

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"मी आरसा पाह्यतो, पोरी. जसा हाय तसा काढ."

मी नवा कागद लावला आणि सिक्स-बी घेतली.

शेड द्यायची तर बघावं लागतं. कुठे काळं आहे, किती काळं आहे, नीट बघावं लागतं. घरी आणल्यापासून मी बाबांच्या उशीकडे बघत होते, सलाइनकडे बघत होते, औषधांच्या पिशवीकडे बघत होते. चेहऱ्याकडे त्या दिवशी बघितलं. गालाचं हाड वर आलेलं आणि त्याच्याखाली खड्डा. कानशिलं आत गेलेली. डोळ्यांखाली तर पेन्सिल जेवढी दाबावी तेवढी कमीच.

मी दाबली. आणखी दाबली.

बाबांनी ते चित्र खूप वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "हं. हा मी होय."

आणि आत स्वयंपाकघराकडे बघून हळूच, "तुह्या आईले नोको दाखवू."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो, ते आता आमच्या बाजूनं आईपासून लपवत होते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

चित्र मी कुणालाच दाखवलं नाही. आज वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी आई फोटो शोधत होती. सगळे जुने, युनिफॉर्ममधले, गोल चेहऱ्याचे. आजारपणात त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नव्हता.

आई कपाटापुढे खाली बसली. "शेवटचा एक बी फोटो नाही. त्या दिवसातला चेहराच आठवून नाही राह्यला मले. असं कसं झालं वो?"

मला ते ऐकवलं नाही. मी चित्र आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

ती रडली नाही. गालाखालच्या खड्ड्यावर तिनं बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवत राहिली, ताप आलेल्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवावा तशी. चित्र पक्कं करायचा स्प्रे मी कधी मारलाच नव्हता. सावली पुसट होत गेली. आईचं बोट काळं झालं.

मी तिला थांबवलं नाही.

बाबा, तुमचं ऐकलं नाही. माफ करा.

खूप आठवण येते.

जय भीम, बाबा.