वाकडा धूर

"दिसला, दिसला!" कुणीतरी ओरडलं आणि बोटीवरचे आम्ही सगळे उजव्या कठड्याकडे धावलो. अंदमानच्या निळ्याशार समुद्रातून एक काळाकभिन्न डोंगर वर आला होता आणि त्याच्या माथ्यातून खरोखरचा धूर निघत होता. जिवंत ज्वालामुखी! त्या बेटावर उतरायला परवानगी नाही, पण पृथ्वीच्या पोटातली चूल अजून पेटलेली आहे, हे डोळ्यांनी बघायला मिळालं, आणखी काय हवं?

सगळ्यांचे मोबाइल वर गेले. माझ्या शेजारी भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या मात्र हवेत खडू धरल्यासारखा हात करून डोंगराची कड गिरवत होत्या. "तीस वर्षं फळ्यावर काढला हो याला," त्या म्हणाल्या, "आणि भेटतोय आज!"

मला वाटलं, किती गोष्टी आपण अशा न बघताच शिकतो, शिकवतो, आणि वर त्यांच्याबद्दल केवढे ठाम असतो!

तेवढ्यात त्यांचा हात धुरापाशी थबकला. वाऱ्यानं धूर पार आडवा झाला होता.

"अगं बाई! एका मुलीनं धूर अस्साच वाकडा काढला होता. म्हणाली, 'बाई, तिथं वारा असेल ना?' मी तिचा अर्धा मार्क कापला."

"मग आता?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला, हात उंच केला आणि त्या धुराशेजारी, आभाळभर मोठी, बरोबरची खूण केली.